खंडेनवमीला उतरलेलं घड्याळ

२२ सप्टेंबर, सोमवार

डॉक्टर म्हणाले, आण्णांचं रोजचं लिहून ठेवत जा. झोप, जेवण, पोट, चिडचिड. औषधांच्या दुकानात मिळालेली ही डायरी त्यासाठी काढली. पण आण्णांचं पोट असं किती लिहिणार? दोन ओळींत वडील संपतात. उरलेल्या पानावर माझं लिहीन म्हणते. वाचणारं कुणी नाही. आमचे यजमान जोतीराम साखर कारखान्यावर आहेत, हंगाम तोंडावर आल्यामुळं शिरोळकडेच मुक्काम. आणि दिवसभर आण्णांना सांभाळायला येणाऱ्या शालूबाईंना माझ्या अक्षरापेक्षा माझ्या चहात जास्त रस.

आज घट बसले. आणि आजच आण्णांचं घड्याळ बादलीत पडलं. आंघोळ घालताना मनगटावरून सुळकन घसरलं. मी ओरडले, शालूबाई ओरडल्या, आण्णा मात्र शांत. हात घालून काढलं, कानाला लावलं, म्हणाले, "चालतंय की. का वरडाय लागलाय?"

माझे वडील हवाई दलात मालवाहू विमानं चालवायचे. कोडोलीच्या शेतकऱ्याचं पोर, गावातलं पहिलं विमानवालं. १९६८ साली परदेशी फेरीवर निघालेल्या एका मित्राला सांगून त्यांनी हे वैमानिकाचं घड्याळ मागवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, चोरांना पत्ता कशाला द्या. काळी तबकडी, आत तीन छोटी वर्तुळं, कडेला बारीक आकड्यांचं फिरणारं कडं. त्या कड्यावर गुणाकार-भागाकार होतात. किती इंधनात किती लांब, हे तेव्हा त्यावर काढायचे. आता उजळाईवाडीच्या विमानतळावरून विमान उडालं की खिडकीत बसून कडं फिरवतात आणि मुंबईला कधी टेकणार ते शालूबाईंना सांगतात. त्या "बरं" म्हणतात.

पूर्वी ते घड्याळ त्यांच्या हाडापेराला शोभायचं. आता मनगट वाळलंय आणि घड्याळ बांगडीसारखं कोपरापर्यंत जातं. तरी आंघोळीला, झोपेत, दवाखान्यात, हातावर हवंच. वर्षातून एकदाच काढतात, खंडेनवमीला.

२४ सप्टेंबर, बुधवार

रात्री आण्णांनी हाक मारली. पाणी. मग हाक मारली. लघवी. मग हाक, मला वाटलं काहीतरी दुखतंय. तर म्हणाले, "वर्षा, जागी हाय न्हवं?" आता होते म्हणजे काय, तुम्हीच केलीत जागी.

सकाळी डोळा लागतो न लागतो तोच सातच्या बातम्या. घड्याळ जुनं, दिवसाला काही मिनिटं मागं पडतं. म्हणून रोज सातला रेडिओ अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतका मोठा लावायचा, ठोका पडला की काटे जुळवायचे, किल्ली द्यायची आणि मग "चहा" अशी हाक. एकही दिवस चुकत नाही. मी शिकवणीत मुलांना गणित शिकवायचे तेव्हा अशीच शिस्त मलाही होती. ती शिकवणी बंद करून दोन वर्षं झाली. आता शिस्त फक्त आण्णांची.

राजूचा फोन आला. राजवर्धन, माझा धाकटा भाऊ, पुण्यात गाड्यांचे सुटे भाग करतो. मी बादलीचं सांगितलं. "पाणी आत गेलं?" असं विचारलं. मी म्हटलं, आण्णांच्या? तर म्हणाला, "चेष्टा करू नको आक्का." रविवारी येतो म्हणाला.

२८ सप्टेंबर, रविवार

राजू आला. आण्णांच्या पाया पडला, पाच मिनिटं त्यांच्या खोलीत बसला, त्यातली चार त्यांच्या मनगटाकडं बघत. मग बाहेर येऊन जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरला आणि बरोबर आणलेली चामड्याची पेटी उघडली. सहा घड्याळं ओळीनं मांडली.

"आक्का, हे सगळं एकच घड्याळ हाय बघ," म्हणाला. "आण्णांचंच. फक्त वय येगळं."

मग तासभर वर्ग. मी मास्तरीण, पण आज बाकावर. सुरुवातीच्या घड्याळांच्या कड्याला बारीक मण्यांची माळ असायची. जाणकार लोक भिंग लावून ते मणी मोजतात आणि साल सांगतात. पुढं मणी मोठे झाले, मग मणी गेले आणि दाते आले, हातमोजे घातलेल्या बोटांना कडं धरता यावं म्हणून. आधी सगळी तबकडी काळी होती, नंतर आतली वर्तुळं पांढरी केली, विमानाच्या अंधाऱ्या केबिनमध्ये उठून दिसावीत यासाठी. मग अंग मोठं झालं, किल्ली जाऊन आपोआप चालणारं यंत्र आलं. मग सेलची स्वस्त घड्याळं आली आणि ही किल्लीवाली सगळी अडगळीत गेली. कुणी लहान पोरांना खेळायला दिली. आणि आता तीच अडगळ लोक देश पालथे घालून शोधतात.

मला सहाही एकाच आईची लेकरं वाटली. तसं म्हटलं तर राजू दुखावला.

सगळ्यात शेवटचं घड्याळ त्यानं उचललं. कोरं, पण हुबेहूब आण्णांचं. कंपनीनंच जुन्याची नक्कल नव्यानं काढली आहे, मणी मोजून तेवढेच. किल्लीसुद्धा हातानंच द्यायची. आकड्यांना जुनाट पिवळसर रंग मुद्दाम दिलेला. फरक इतकाच की याचे काटे अंधारात उजळतात, आण्णांच्या घड्याळातला उजेड कधीच मेलाय. आणि हे मागं पडत नाही.

"आण्णांचं या सहांच्यात बसत न्हाय," राजू म्हणाला. "ते यांच्या वर हाय. एकाच माणसाकडं राहिलं, एकदाबी पॉलिश न्हाय, काटे बदलले न्हाईत, काच तीच. तबकडी काळी हुती ती पिकून तपकिरी व्हायला लागलीय. ते म्हातारपण अस्सल हाय आक्का, ते कुठं मिळत न्हाय. आणि तू ते बादलीत बुडवतीस."

घड्याळाचं म्हातारपण अस्सल निघालं की माणसं भिंग घेऊन येतात. माझ्या घरातलं अस्सल म्हातारपण रोज साबण लावून मी धुते, त्याला कुणी भिंग लावत नाही. हे मी त्याला म्हणाले नाही. डायरीत म्हणते.

मग मुद्द्यावर आला. नवं घड्याळ आण्णांच्या हातात घालायचं, जुनं लॉकरमध्ये. आण्णांना सांगायचं नाही, ते सोडणार नाहीत. "माझं स्वतःचं देतोय," म्हणाला. "पाच वर्षं जपलेलं. मी काय चोरतोय का?"

चोरत नाही हे मला माहीत आहे. लहानपणी आण्णा सुट्टीवर आले की राजू त्यांच्या मनगटाला कान लावून झोपायचा. सुट्टी संपून आण्णा गेले की चार दिवस कानाखाली नुसतीच उशी. त्याला घड्याळच हवं आहे. विकायचं नाही, मिरवायचं फार थोडं.

मी विचार करते म्हटलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

विचार केला. खरं सांगायचं तर विचार करायला सुद्धा अंगात बळ हवं. रोज वीस वेळा मी ते घड्याळ शोधते. उशाखाली, चादरीत, संडासात. औषधं, चादरी, डायपर, हाका, आणि वर हे. आण्णांच्या उस्तवारीतलं राजूला काहीच नेता येत नाही. घड्याळ तरी ने बाबा, तेवढंच एक ओझं तुझ्याकडं.

हो म्हणून कळवलं.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

सकाळी देवघरापुढं पाटावर सगळं मांडलं. आजोबांची तलवार, कोयता, विळी, माझी शिकवणीची लाकडी पट्टी, जोतीरामांच्या गाडीची किल्ली. आण्णांना खुर्चीवर आणून बसवलं. त्यांनी स्वतः पट्टा सोडला. बोटं थरथरत होती, पण मला हात लावू दिला नाही. घड्याळ तलवारीशेजारी ठेवलं आणि नमस्कार केला. मी हळद-कुंकू वाहिलं, कडाकण्यांचा नैवेद्य दाखवला.

खंडेनवमीला पुजलेल्या हत्याराला दसऱ्याच्या पूजेपर्यंत हात लावायचा नाही, हे आमच्याकडं पोराटोरांनाही ठाऊक. विळी पुजायची म्हणून आजची भाजीही कालच चिरून ठेवलेली. आणि मी आण्णांची दुपारची झोप बघून पाटावरून घड्याळ उचललं. सकाळीच पुण्याहून आलेला राजू दिवाणखान्यात बसला होता. त्यानं पट्टा काढला. आण्णांचा पट्टा चप्पल लाइनीतल्या चमनभाईंनी शिवलेला, कोल्हापुरी चपलेच्या कातड्याचा, तेल पिऊन काळा झालेला. संग्रहवाल्यांना त्याची काही किंमत नाही म्हणे. तो पट्टा नव्या घड्याळाला घातला. मी काटे जुळवले. मग माझ्याच डोक्यात आलं की कुंकू राहिलं. नव्यावर तिथंच, तेवढंच बोट टेकवलं आणि पुन्हा तलवारीशेजारी ठेवलं.

राजू म्हणाला, "आक्का, तू माझ्यापेक्षा हुशार हायस." मला शहाणपणाचा आनंद झाला नाही. देवापुढं उभी राहून देवालाच फसवल्यासारखं वाटत होतं. राजू तिन्हीसांजेच्या आत निघून गेला.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

पाट हलवला. आण्णांनी घड्याळ हातात घेतलं, तळव्यावर धरून बघत बसले. बराच वेळ. मग कानाला लावलं. मग माझ्याकडं बघितलं आणि हात पुढं केला. "तू बांध," म्हणाले.

त्यांनी कधी मला बांधू दिलं नव्हतं. मी खाली बसले, मनगट मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी सावकाश पट्टा लावला, काल पट्टा बदलतानाच एक जास्तीचं भोक पाडून ठेवलं होतं त्यात. आता घसरणार नाही. आण्णांना फरक कळला नाही. नजर कमी झाली आहे, दुसरं काय. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा फारसा उपयोग झालेला दिसत नाही.

संध्याकाळी शेजारचे सोनं द्यायला आले, आण्णांनी सगळ्यांना सोनं दिलं. मला दिलं तेव्हा डोक्यावर हात ठेवला. मी राजूला कळवलं, काम झालं.

५ ऑक्टोबर, रविवार

सातला रेडिओ लागला नाही. मी उठून बघायला गेले, आण्णा जागे होते, छताकडं बघत पडलेले. "बातम्या नकोत?" "नगंत." "घड्याळ जुळवायचं नाही?" म्हणाले, "जुळलेलंच हाय की."

काल पण लावला नव्हता हे आज लक्षात आलं. माझी सकाळ शांत गेली. गल्लीचीही. शालूबाई म्हणाल्या, घर कसं मोकळं मोकळं वाटतंय. चहाची हाकही आली नाही, मीच नेला तेव्हा नऊ वाजले होते.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आण्णा आज म्हणाले, "रात्री जाग आली की काटं दिसाय लागल्यात हल्ली. हिरवं हिरवं." मी म्हटलं, बघा, डोळ्यांचं ऑपरेशन वाया नाही गेलं. त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि "व्हय, डोळं चांगलं झालं," म्हणाले. परवा मला वाटत होतं नजर गेली. म्हातारपणाचा काही भरवसा नाही.

दुपारी विमान गेलं. आण्णा खिडकीतच होते, वर बघितलंही नाही. शालूबाईंनी विचारलं, "आज कवा टेकणार हो मुंबईला?" तर म्हणाले, "टेकंल तवा."

९ ऑक्टोबर, गुरुवार

जेवण निम्म्यावर आलं. डॉक्टर येऊन गेले. रक्तदाब ठीक, छाती ठीक, रात्रीची एक नवी गोळी लिहून दिली. म्हणाले, या वयात मन उतरतं, बोलत राहा त्यांच्याशी. आता बोलायचं काय? दिवसभर तेच बोलते, तोंड उघडा, हात वर करा, कूस वळा.

राजूचा फोन. लॉकरमध्ये ठेवण्याआधी मुंबईच्या एका जाणकाराला दाखवलं म्हणे. त्यानं हातमोजे घालून हातात घेतलं आणि डोळ्याचं भिंग हटवेना. मी म्हटलं, आण्णा जेवत नाहीत. म्हणाला, "वय झालंय गं." मग पुन्हा मुंबईचं.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज आण्णा आपणहून बोलले. मला बरं वाटलं म्हणून सगळं लिहिते.

"वर्षा, राजू बरा हाय न्हवं?"

"बरा आहे की."

"धंद्यात काय खोट-बिट? माझ्यापास्नं चोरू नको. अडलाय का कुटं?"

मी हसले. म्हातारी माणसं कसली कसली काळजी उकरून काढतात. म्हटलं, "काही अडलेलं नाही आण्णा. उलट जोरात चाललंय. चाकणला दुसरं युनिट टाकलं. दिवाळीला नवी गाडी घेतोय."

मला वाटलं खूश होतील. ते भिंतीकडं तोंड करून पडले. मी पांघरूण घातलं. थोड्या वेळानं तसेच पाठमोरे म्हणाले, "मग तुला काय पायजे हुतं का पोरी?"

"मला काय पाहिजे असणार?"

"न्हाय, सांग की. हायच मी बसलेला."

मी त्यांच्या चादरीच्या घड्या नीट करत होते, पाठ मोडली होती. म्हटलं, "मला झोप पाहिजे आण्णा. एक रात्र कुणी हाक मारू नये, एवढंच."

गमतीत म्हटलं. म्हणजे, अगदीच गमतीत नाही.

"आसं व्हय," म्हणाले. "मग ठीक हाय." आणि आवाजात जरा धीर आल्यासारखा वाटला. रात्री दोन घास जास्त जेवले.

१५ ऑक्टोबर, बुधवार

तीन रात्री एकही हाक नाही. मी कितीतरी महिन्यांनी सलग झोपले. सकाळी उठले तर आपण कुठं आहोत ते क्षणभर कळेना. डॉक्टरांच्या नव्या गोळीचा गुण असावा, म्हणून त्यांना फोन करून आभार मानले. शालूबाई म्हणतात माझा चेहरा उजळला. आरशात बघितलं. उजळला नाही, पण सूज उतरली आहे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

उजाडताना आण्णा बाथरूमच्या फरशीवर सापडले. भिंतीला टेकून बसले होते, डावा हात मांडीवर, मनगट वाकडं. किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. मला बघून म्हणाले, "उटलीस व्हय? झोप झाली का?"

हाक का नाही मारली म्हणून मी ओरडले त्यांच्यावर. मोडक्या हाताच्या माणसावर ओरडले. अजून तो आवाज माझ्या कानात आहे.

दवाखाना, फोटो, प्लास्टर. नर्सनं घड्याळ काढून प्लास्टिकच्या पिशवीत माझ्या हातात दिलं. काचेला ओरखडासुद्धा नाही. दुपारी घरी आणलं. जोतीराम कारखान्यावरून आले, त्यांनी आण्णांना उचलून खाटेवर ठेवलं आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "तू बस जरा." मी बसले. रडू आलं नाही, तेवढंही उरलं नव्हतं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

राजूला काल कळवायला वेळ नव्हता, आज फोन केला. आण्णा पडले म्हटलं, डावं मनगट मोडलं. तो एकदम म्हणाला, "बापरे, घड्याळ?" आणि मग, "न्हाय न्हाय, ते लॉकरात हाय. सुटलो."

त्यालाही कळलं असावं, घाईघाईनं विचारत सुटला, कसं पडले, कुठला डॉक्टर, मी येऊ का. पण निघालेला शब्द निघाला. मला त्याचा राग आला. इतका राग मला कुणाचा कधी आलेला आठवत नाही. आणि त्याच रागात माझाही वाटा आहे हेही कळत होतं. पाटावरून घड्याळ उचललं कुणी? मी. कुंकू कुणाला सुचलं? मला.

म्हटलं, "राजू, भाऊबीजेला येशील तेव्हा ओवाळणीत मला आण्णांचं घड्याळ पाहिजे."

"आक्का, ते प्लास्टरच्या हातात..."

"दुसरा हात आहे."

"पुन्हा बादलीत पडलं तर?"

"तर पडलं."

मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "आणतो."

आण्णांना हे देऊन काय होणार आहे, मला माहीत नाही. नजर कमी, कान कमी, त्यांना कळणारही नाही कदाचित. पण माझ्या घरात असलेला हा खोटेपणा मला आता उचलवत नाही. बाकी सगळं उचलते, हे नको.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

फराळ यंदा विकतचा. आण्णांनी अर्धा अनारसा खाल्ला. हाक नाही. मी म्हटलं, आता तरी हाक मारत जा, पुन्हा पडलात तर? "बरं," म्हणतात. मारत नाहीत.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

सगळं नीट लिहून काढायचं आहे.

राजू दुपारी आला, एकटाच. आण्णांना पाहिल्यावर दारातच थांबला. प्लास्टर, गालावरची काळी-निळी खूण, हनुवटीवर वाढलेली पांढरी दाढी. गेल्या वेळी त्यानं मनगटच बघितलं होतं, आज माणूस बघितला. पायाशी जाऊन बसला.

मी त्याच खोलीत पाट मांडला, आण्णांना दिसावं म्हणून. ओवाळलं. राजूनं खिशातून डबी काढली आणि घड्याळ तबकात ठेवलं. नवा परदेशी पट्टा. मी नव्या घड्याळावरून चमनभाईंचा पट्टा काढून ठेवलाच होता. राजूनं तो जुन्या घड्याळाला चढवला. चढवताना त्याच्या हातातून पट्ट्याची बारीक खीळ दोनदा निसटली.

मग तो आण्णांजवळ गेला. म्हणाला, "आण्णा, चुकलं आमचं. हे तुमचं घड्याळ. आम्ही काढून घेतलतं. तुमच्या हातात हुतं ते माझं."

मी आण्णांकडं बघत होते. त्यांना काही कळलं की नाही, ते बघत होते. त्यांनी उजव्या हातात घड्याळ घेतलं, कानाला लावलं. बंद होतं. राजूला म्हणाले, "किल्ली दे." राजूनं दिली. पुन्हा कानाला लावलं आणि डोळे मिटले. तसेच मिटलेल्या डोळ्यांनी म्हणाले, "मला काय ठावं न्हवतं व्हय? सत्तावन्न वर्सं घातलंय. हातात घेटलं तवाच कळलं."

राजू पाय धरून रडायला लागला. आण्णांनी त्याच्या केसांतून हात फिरवला. "गप. तुला घड्याळाचं लहानपणापास्नं येड. मागितलं असतंस तर न्हाय म्हणलो असतो, ही बी खरं हाय."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत आण्णा? इतके दिवस?"

"काय बोलायचं? तू खाली बसलीस, हात मांडीवर घेटलास आनि बांधलंस. मग कसं काढू? म्हटलं पोरांनी केलंय म्हंजी काय तर नड असंल. राजूचं इचारलं, तर तू म्हणलीस त्येचं झ्याक चाललंय. मग म्हटलं तुझी नड असंल." थोडं थांबले. बोलताना धाप लागते. "तवा तू म्हणलीस, झोप पायजे. म्हटलं, घड्याळ घिऊन बी पोरीला झोप न्हाय. आनि हाक तर मीच मारतोय. म्हणून बंद केली."

राजूनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

मला वाटत होतं नजर गेली, मन उतरलं, गोळीचा गुण आला. सगळं लिहून ठेवलंय मी, दिवसवार. तीन रात्री शांत झोपले म्हणून डॉक्टरांचे आभारसुद्धा मानले. त्या तिन्ही रात्री आणि पुढच्याही, आण्णा अंधारात जागे होते. कुठल्या वेळी काय हवं होतं, पाणी की आणखी काय, त्यांनी गिळलं. आणि एका रात्री उठून भिंत धरत एकटे गेले, मला झोप मिळावी म्हणून. ते मनगट मी मोडलं.

हे मी त्यांना म्हणाले. म्हणाले, "येड लागलंय का तुला? फरशी वली हुती."

राजूनं त्यांच्या उजव्या हातावर घड्याळ बांधलं. त्याला जमेना, आण्णाच सांगत होते, "आनि एक भोक सैल घे. त्यो मोडका हात ह्याच्यापरास वाळलाय." रात्री राहतो म्हणाला राजू, नेहमी तिन्हीसांजेच्या आत निघणारा. आण्णांच्या खोलीत त्याचं अंथरूण घातलं. नवं घड्याळ टेबलावर डबीत पडलंय, त्यानं विचारलंही नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सातला राजूनं रेडिओ लावला. आण्णांनी काटे जुळवले. चहा राजूनं स्वतःच्या हातानं पाजला, अर्धा कप पांघरुणावर सांडला.

मी राजूला विचारलं, रात्री हाक मारली का? म्हणाला, "न्हाय आक्का. दोनदा जागं बघितलं मी, डोळं उघडं ठेवून पडलेत. म्हटलं आण्णा, काय पायजे? तर म्हणले, हळू बोल, ती झोपलीया."

मी झोपले नव्हते. भिंतीच्या पलीकडं जागी होते, हाकेची वाट बघत.

आण्णांना आज हात जोडून सांगितलं, हाक मारा. ते "बरं" म्हणाले.